तारेच्या खांबापासून क्यूआर कोडपर्यंत

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या सभागृहात पन्नाशी ओलांडलेले जे कोणी आहेत, त्यांना दारात तारवाला उभा राहिला की घरात पसरणारी शांतता आठवत असेल. तार उघडण्यापूर्वीच घरातील वडीलधारी स्त्री डोळ्याला पदर लावत असे. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातील शेवटच्या सार्वजनिक तारा स्वीकारल्या गेल्या आणि ती सेवा बंद झाली.  तारेची गरज त्याआधीच संपली होती, एवढेच त्या दिवशी अधिकृतपणे मान्य केले गेले. आजचा माझा विषय हाच आहे: जुनी व्यवस्था जाते, तेव्हा तिच्या जागी काय येते आणि जे येते त्याची किल्ली कोणाच्या हातात असते?

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या तारऑफिसातून अंबाल्याला संदेश गेला. तो पुढे लाहोरला पोहोचला आणि १३ मे रोजी तेथील मियाँमीर छावणीतील हिंदी शिपायांची शस्त्रे काढून घेतली गेली. शिपायांचे शौर्य कमी पडले नाही. बातमी त्यांच्याआधी पोहोचली. खांब आपल्या भूमीत रोवलेले होते, ते वाहून नेणारे खांदे आपले होते. तारेच्या टोकाशी बसलेला हात मात्र आपला नव्हता. पुढे १८७० मध्ये मुंबई समुद्राखालून एडन, सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. आपल्या शेतकऱ्याच्या कापसाचा भाव परदेशातून तारेने येऊ लागला आणि कापूस पिकवणारा सोडून इतर सर्वांना तो आधी कळू लागला. (त्या परदेशी भावांच्या आकड्यांवर मुंबईत जो जुगार पुढे रुजला, त्याची कीर्ती आपण जाणताच!)

आज आपला परदेशांशी होणारा बहुतांश संगणकीय संपर्क समुद्रतळावरील केबलींमधूनच चालतो. त्यातील अनेक केबली मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात आणि युरोपकडे जाणारा मार्ग आजही तांबड्या समुद्रातूनच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ केबली तुटल्या, तेव्हा त्याचा परिणाम भारतातही जाणवला. आपण ‘क्लाउड’ म्हणतो आणि आकाशाकडे पाहतो. प्रत्यक्षात तो समुद्राच्या गाळात पडलेला असतो.

आता व्यापाराकडे वळतो. पैसा न हलवता पैशाचा व्यवहार करणे ही आपल्याला कोणी शिकवलेली गोष्ट नव्हे. पुण्याच्या पेढीवर हुंडी घेऊन काशीच्या पेढीवर रक्कम मिळत असे, ती पेढीच्या शब्दावर. नंतर १८८० मध्ये टपाल खात्याची मनीऑर्डर आली. कोकणातील कित्येक गावे गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगली. पोस्टमन पैसे मोजून देई, अंगठा घेई आणि फॉर्मच्या तळाशी असलेल्या चार ओळी वाचूनही दाखवी. ‘पैसे पाठवले आहेत, आईला औषध आणावे, भातलावणी झाली का कळवावे.’ आज तोच मुलगा ठाण्याहून किंवा थेट दुबईहून क्षणात पैसे पाठवतो. त्या चार ओळी आता स्वतंत्र येतात, किंवा येत नाहीत. हे मी गहिवर यावा म्हणून सांगत नाही. मनीऑर्डरला लागणारे आठ दिवस आणि कमिशन मला परत नको आहे. पण पैसा आणि निरोप वेगळे झाले, ही घटना लहान नाही, एवढे नोंदवतो.

वृत्तपत्रांचे झाले तेही याच प्रकारचे. वाचकाला जे दैनिक मिळते, त्याची किंमत छपाई आणि कागदाच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी असते. तूट जाहिराती भरून काढतात. त्यातील ‘पाहिजेत’ आणि ‘वधू-वर’ या छोट्या जाहिराती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नोकरीच्या आणि विवाहाच्या संकेतस्थळांकडे वळू लागल्या. तिकडे ज्ञातिसंस्थांच्या वधू-वर सूचक मंडळांतील वह्याही कपाटात गेल्या. बातमीदारीचा खर्च ज्या खांबावर उभा होता, तो खांब बातमीशी संबंधच नसलेल्या कारणाने डळमळला. वर्गणीदारांच्या बळावर चालणारी आपली नियतकालिके त्यामानाने टिकली. मात्र घरात अंक येतो आणि तरुण पिढी तो उघडत नाही, हे दृश्य आपल्यापैकी कोणाला अपरिचित आहे?

मला अधिक वेळ द्यायचा आहे तो किराणा दुकानदाराला. तो केवळ विक्रेता नव्हे. महिनाअखेरीस उधारी लिहून घेणारा, कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे जाणणारा, गणेशोत्सवाची पहिली पावती फाडणारा तो माणूस आहे. वस्तीत कामाला जाणाऱ्या कार्यकर्त्याने आधी त्याच्या ओट्यावर बसावे, असे आम्हाला जुन्या मंडळींनी शिकवले. त्याच्या वहीत गल्लीची आवडनिवड लिहिलेली असते. आज तीच वही लक्षावधी पानांची होऊन ऑनलाइन कंपन्यांच्या संगणकात उघडली आहे. कोणत्या पेठेत कोणता साबण खपतो, हे दुकानदाराच्या आधी कंपनीला कळते. २०२१ च्या अखेरीस महाराष्ट्रातील ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांनी असहकाराचा पवित्रा घेतला, तो याच कारणाने. जो माल आम्हाला एका दराने मिळतो, तोच ऑनलाइन घाऊक कंपन्यांना स्वस्त का, हा त्यांचा प्रश्न होता. परकीय भांडवलाच्या ऑनलाइन बाजारपेठांनी स्वतःची भागीदारी असलेल्या विक्रेत्यांचा माल विकू नये, असा नियम शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केला. पळवाटा शोधल्या गेल्याच. ज्यांच्याकडे तोटा सोसण्याची वर्षानुवर्षांची ताकद आहे, त्यांच्याशी स्पर्धा ही स्पर्धा उरत नाही.

याच दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी मात्र एक आनंदाची गोष्ट ठेवलेली आहे. तो क्यूआर कोड! ज्या यूपीआय व्यवस्थेवर तो चालतो, ती मुंबईतील राष्ट्रीय भुगतान निगमने उभारली आणि एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात तिच्यावरील व्यवहारांनी २००० कोटींचा टप्पा ओलांडला. भाजीवालीला यंत्र विकत घ्यावे लागले नाही, परकीय कार्ड कंपनीला दलाली द्यावी लागली नाही. मार्च २०२२ मध्ये दोन बड्या अमेरिकी कार्ड कंपन्यांनी रशियातील कामकाज थांबवले, तेव्हा आपले रूळ आपण वेळेवर टाकले याचे महत्त्व कळले.

रूळ आपले आहेत; त्यांवर धावणाऱ्या गाड्या कोणाच्या? यूपीआयच्या एकूण व्यवहारांपैकी ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार दोनच अॅपमधून होत आले आहेत. एकावर वॉलमार्टची मालकी आहे, दुसरे गूगलचे. कोणत्याही एका अॅपचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक नसावा, असे निगमने २०२० मध्ये ठरवले. त्या निर्णयाची मुदत लांबत लांबत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत नेण्यात आली. आपले ‘भीम’ अॅप ज्यांच्या मोबाइलमध्ये आहे, त्यांनी हात वर करावेत, असे मी आता म्हणणार होतो. संयोजकांना संकोच नको म्हणून म्हणत नाही.

आणि हे दूरचे भय नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातल्यानंतर गुजरातेत वाडीनार येथे मोठा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीची ई-मेल आणि इतर सेवा मायक्रोसॉफ्टने बंद केली. त्या कंपनीत रशियाचे भांडवल आहे हे खरे. तरी भारतीय भूमीवरील, भारतीय कायद्याने चालणारी, सेवेचे पैसे भरलेली ती कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. पण कळ कोणाच्या हातात आहे, ते त्या काही दिवसांत दिसले. १८५७ च्या तारऑफिसाची आठवण मला उगाच झाली नाही.

यावर उपाय म्हणून यंत्रालाच विरोध करावा काय? ती चूक करून झाली आहे. १९८० च्या दशकात बँका आणि विमा क्षेत्रातील संगणकीकरणाला कामगार संघटनांनी विरोध केला आणि त्यात आपल्या विचारांची मंडळीही होती. नोकऱ्या जातील ही त्यांची चिंता प्रामाणिक होती. अंदाज मात्र अपुरा ठरला. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची व्याख्याने दिली. त्यांतही यंत्राला नकार नव्हता. आपल्या गरजांना साजेसे यंत्र असावे, हा आग्रह होता. दुसरी चूक केवळ स्वदेशीच्या नावावर विसंबण्याची. ‘कू’ हे भारतीय माध्यम २०२० मध्ये आले, आपण उत्साहाने खाती उघडली, तिथे फिरकलो नाही आणि २०२४ मध्ये ते बंद झाले. आपले म्हणून वापरले गेले नाही आणि चांगले म्हणून टिकले नाही. याउलट तमिळनाडूतील तेनकासीसारख्या ग्रामीण भागातही अभियंते बसवून झोहोने वर्षानुवर्षे निमूटपणे सॉफ्टवेअर घडवले. आज केंद्र शासनाच्या लाखो कर्मचाऱ्यांची ई-मेल त्या व्यवस्थेवर चालते. घोषणा नंतर आली, काम आधी झाले.

आपल्या हातात काय आहे? शासनाने २०२१ च्या अखेरीस ओएनडीसी हे खुले जाळे उभे केले. लहान दुकानदाराने कोणा एका बड्या कंपनीचा आश्रित न होता आपला माल ऑनलाइन मांडावा, हा त्याचा हेतू. पण माझ्या गल्लीतील दुकानदाराला त्याचे नावही ठाऊक नव्हते. त्याच्या मुलाला होते; ‘बाबांना वेळ नसतो,’ असे तो म्हणाला. नोंदणी, वस्तूंची छायाचित्रे, दरपत्रक एवढे करून द्यायला संगणक जाणणारे दोन तरुण आणि दोन रविवार पुरे होतील असे मला वाटते. आपल्या प्रत्येक वस्तीत असे तरुण आहेत. पहिल्या रविवारी मी स्वतः त्याच्या दुकानात जाणार आहे. या सभागृहातील ज्यांना सोबत यायचे असेल, त्यांनी बाहेर पुस्तकविक्रीच्या टेबलावर ठेवलेल्या वहीत नाव लिहावे. वही साधी, कागदाचीच आहे.