गाठ कितव्या टप्प्यावर आहे?

(मालगुंड येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



स्तनातली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हीच मोठी अडचण. दुखत नाही म्हणून लावणी उरकू दे, मग गणपती होऊ देत, चाकरमानी परत निघाले की त्यांच्याबरोबर मुंबईला जाऊ, असं करत महिने जातात. शिवाय 'छाती' हा शब्द उच्चारायचीही चोरी!

या महिन्यांत गाठ थांबत नाही. डॉक्टर 'स्टेज' म्हणतात ती कर्करोग कुठवर पोचला याची मोजणी. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि काख मोकळी, तर पहिला टप्पा. गाठ त्याहून वाढली किंवा काखेत हलणारं अवधाण लागलं, तर साधारण दुसरा. काखेतली अवधाणं एकमेकांना चिकटली, कातडी सुजली किंवा फुटली, तर तिसरा. हाडं, फुप्फुसं, यकृत, मेंदू इथवर गेला, तर चौथा.

पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात पुष्कळदा नुसती गाठ काढून, किरणोपचार देऊन स्तन राखता येतो. इटली आणि अमेरिकेतल्या अभ्यासांचे वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ साली आले. स्तन राखलेल्या आणि काढलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक नव्हता. तरी 'आता या वयात कशाला हवाय?' असं घरचे परस्पर ठरवतात. किरणांसाठी काही आठवडे रोज जावं लागतं, परगावी राहायची सोय नसते, म्हणून काढून टाकणंच पत्करणाऱ्याही आहेत. ते समजण्यासारखं आहे. पण निवड तिची हवी.

तिसऱ्या टप्प्यात बहुधा आधी केमोथेरपीने गाठ आकसवतात, मग शस्त्रक्रिया, मग किरण. चौथ्यात रोग सहसा समूळ जात नाही, पण औषधांवर कित्येकजणी वर्षानुवर्षं जगतात, वेदनाही आवरता येतात. 'घरी न्या' एवढंच उत्तर तिथेही नसतं. आणि टप्पा एकच असला तरी औषध वेगळं असू शकतं. गाठीचा तुकडा तपासून ती हार्मोनवर वाढणारी आहे का ते बघतात. असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच वर्षं किंवा अधिक घ्यावी लागते. म्हणून शेजारणीची गोळी आपल्याला चालेलच असं नाही.

लवकर शोधायला मोठं यंत्रच लागतं असंही नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्याजणींना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ साली निष्कर्ष आला: त्यांच्यात रोग आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत तशी घट दिसली नाही, हेही सांगायला हवं. तिशीपुढच्या बाईची अशी तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आरोग्य केंद्रात जाऊन ती मागा. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, रेशनकार्ड बरोबर ठेवा.

एक गोष्ट मला फार खटकते. टप्पा सांगितला जातो व्हरांड्यात, नवऱ्याला नाहीतर मुलाला, आणि बाई आत खाटेवर. कुणाबरोबर गेलात तर तिला डॉक्टरांसमोर बसवा. तिलाच विचारू द्या: कितवा टप्पा? स्तन राखता येईल का? तुकड्याच्या तपासणीत काय निघालं? रिपोर्टची एक प्रत तिच्या स्वतःच्या पिशवीत राहू द्या.