भिंत पाडली, पण ओट्यावर अंधार

आजचा विषय ओपन किचन. रील्समधलं चकाचक नाही हं. जिथे सकाळी मोहरी तडतडते आणि सहा फुटांवर सोफ्यात बसून कुणीतरी मीटिंगमध्ये असतं, ते.

मी सॉफ्टवेअरवाला, इंटिरिअरवाला नाही. दोन वर्षांपूर्वी रावेतला रीसेलचा टू बीएचके घेतला, आई-बाबा कराडहून राहायला आले, आणि मी किचन अन् हॉलमधली भिंत पाडली. त्याआधी एक गोष्ट बरोबर केली होती, स्ट्रक्चरल इंजिनिअरला भिंत दाखवली. आमची चार इंची विटांची पार्टिशन होती म्हणून जमलं. हल्ली बऱ्याच टॉवरमध्ये मायव्हान पद्धतीचं बांधकाम असतं, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. तिथे भिंतीच इमारतीचं वजन पेलतात. तशी भिंत असेल तर ओपन किचनचा विषय तिथेच संपला, कुणी मिस्त्री 'करून देतो साहेब' म्हणाला तरी.

आता माझी चूक. फॉल्स सीलिंगमध्ये चौदा डाउनलाइट लावले. फोटो झकास आले. तीन आठवड्यांनी घरी येऊन बघतो तर माझा अभ्यासाचा टेबल लॅम्प ओट्यावर, मिक्सरशेजारी. आईच्या बोटाला पट्टी.

"अरे, कांदा चिरताना नीट दिसलंच नाही."

चौदा दिवे, आणि दिसलं नाही! मग मी स्वतः सुरी घेऊन उभा राहिलो. ओट्याकडे तोंड केलं की सगळे दिवे पाठीमागे, आणि आपलीच सावली बरोबर चॉपिंग बोर्डावर. त्यात वय. साठीला डोळ्यातलं भिंग पिवळसर झालेलं असतं, बाहुली अंधारात पूर्वीएवढी मोठी होत नाही, म्हणजे त्याच उजेडात आईला माझ्यापेक्षा कमी दिसतं. मी दिवे माझ्या डोळ्यांनी ठरवले होते.

फोनवर लक्स मोजायचं ॲप टाका. सेन्सर अगदी अचूक नसतो, पण तुलनेला पुरतो. फोन बोर्डावर ठेवून उभा राहिलो तर नव्वद. चिरायला, निवडायला तीनशे ते पाचशे हवेत. हिशोब सोपा आहे. एक लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन. माझा ओटा अडीच मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे दीड चौरस मीटर. पाचशे लक्सला साडेसातशे ल्यूमेन. निम्मा उजेड वाया जातो असं धरून दीड हजार. वरच्या कपाटाच्या खाली एलईडी स्ट्रिप लावली, काम झालं. फक्त ती कपाटाच्या पुढच्या कडेला लावा. मागे लावली तर टाइल्स उजळतात, बोर्ड नाही. आणि दुधी कव्हरची पट्टी घ्या, नाहीतर काळ्या ग्रॅनाइटमध्ये एकेक ठिपका चमकतो.

रंगावरून आमचं भांडणच झालं. आईला पांढराशुभ्र, ६५०० केल्विन. मला हॉलमध्ये पिवळसर, ३०००. भिंत असताना हे खपलं असतं. आता दोन्ही एकाच नजरेत येतात आणि अर्धं घर दवाखाना वाटतं. शेवटी ओट्यावर ४००० आणि बाकी सगळीकडे ३०००. सीआरआय मात्र ९० च्या वरचा घ्या, त्यात काटकसर नको. कमी सीआरआयमध्ये ताजी कोथिंबीरही शिळी दिसते, आणि कांदा लालसर झालाय की करपायला आलाय ते कळत नाही.

पंखा हा आपला खास देशी प्रश्न. बाराशे मिलिमीटरच्या पंख्याच्या पात्यांवर डाउनलाइट आला की खाली उजेड लुकलुकतो. माझे दोन आले, काढावे लागले. डायनिंगवर लटकता दिवा असेल तर टेबलापासून अडीच फूट वर ठेवा, आणि पंख्याच्या झोतात नको, नाहीतर जेवताना झोपाळा. ओटा, डायनिंग, टीव्ही या तिघांची बटणं वेगळी घ्या. माझ्याकडे चौदा दिव्यांना दोन बटणं होती, कोड रिव्ह्यूत मी हे पास केलं नसतं.

लेआउटचं श्रेय आईला. ती म्हणाली, "येणाऱ्या प्रत्येकानं माझा खरकट्या भांड्यांचा ढीग का बघायचा?" बरोबर आहे. सोफ्यावर बसलेल्याची नजर जमिनीपासून साधारण साडेतीन-पावणेचार फुटांवर असते. म्हणून पाडलेल्या भिंतीच्या जागी ४२ इंचांची बुटकी भिंत परत बांधली. तिच्यामागे ३४ इंचांवर सिंक. बसलेल्याला भांडी दिसत नाहीत, आईला मात्र टीव्ही दिसतो.

ओट्याची उंची कोपराच्या चार इंच खाली धरा, पण रोज स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपराच्या. मी पोळ्या लाटल्या की माझी पाठ दुखते, मान्य. पण आठवड्यातून एकदाच.

चिमणीचा पाइप बाहेर काढा, आखूड आणि कमी वळणांचा. बिनपाइपची चिमणी तेलकटपणा अडवते, उष्णता आणि वाफ घरातच सोडते. आणि चालू असताना एखादी खिडकी किलकिली ठेवा. बाहेरून हवा आत आलीच नाही तर ती ओढणार काय? मिरचीची फोडणी असेल तेव्हा हॉलचा पंखा बंद.

मिक्सरच्या आवाजावर माझ्याकडे अजून उपाय नाही. दहाच्या मीटिंगआधी चटणी वाटून घ्यायची, एवढंच आमचं ठरलंय, आणि आठवड्यातून दोनदा ते मोडतं. तुमच्या ओट्यावर किती लक्स येतात, ते मोजून नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू!