टेकू कुठे ठेवायचा?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कृषी महाविद्यालयात आम्ही 'फल्क्रम' हा शब्द पाठ केला, परीक्षेत लिहिला, गुण मिळवले. वस्तू मात्र त्याआधीच वडिलांच्या वावरात पाहिली होती. धोंडा हलेना, तेव्हा वडिलांनी पहारीखाली लहानसा दगड सारला आणि दुसऱ्या टोकावर भार टाकला. धोंडा उठला. तो लहान दगड म्हणजे टेकू. पुस्तकातला फल्क्रम तोच.

हा शब्द इंग्रजीत लॅटिनमधून आला. आधार देणे, असा अर्थ असलेल्या क्रियापदापासून तो झाला. जुने रोमन लोक पलंगाच्या आधाराला फल्क्रम म्हणत. आपला टेकू 'टेकणे'पासून आला. म्हणजे रोमन माणसाने आणि आपल्या आजोबाने एकच गोष्ट पाहून नाव ठेवले.

पण टेकू दोन कामे करतो. खचलेल्या छपराखालचा टेकू छप्पर पडू देत नाही, एवढेच. पहारीखालचा टेकू ओझे उचलून देतो. मात्र तो कुठे ठेवला, यावर सगळे आहे. पहार 60 इंचांची धरा. टेकू धोंड्यापासून 6 इंचांवर ठेवला, तर आपल्या बाजूला 54 इंच उरतात. 10 किलोच्या जोराने 90 किलो उचलते. तोच टेकू मधोमध सरकवला, तर 10 किलोला 10 किलोच. माणूस तोच, पहार तीच.

आता हमीभावाकडे या. सरकारी कागदात त्याला 'किमान आधारभूत किंमत' म्हणतात. आधार, म्हणजे टेकूच! 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8110 रुपये जाहीर झाले. पण पहिल्या वेचणीचा कापूस घरी येतो, तेव्हा दुकानदाराची उधारी दारात उभी असते. खरेदी केंद्र दूर असले, उशिरा उघडले, तर तो कापूस खेडा खरेदीत मिळेल त्या भावाने जातो. टेकू आहे, पण धोंड्यापासून लांब!

म्हणून आमचे मागणे साधे आहे. केंद्र तालुक्याला हवे आणि पहिल्या वेचणीआधी उघडायला हवे. गावी गेल्यावर ग्रामसभेत हाच ठराव घ्या. जोर आपल्या हातात आहे. टेकू तेवढा ओझ्याजवळ सरकवू.