जहाजावरचा शिक्का



घरी पत्र आले की आपण काय करतो? पाकीट फाडतो. आतला कागद वाचतो. पाकीट चुलीत जाते. पाकिटावर तिकीट असते आणि तिकिटावर काळा गोल शिक्का असतो. त्या शिक्क्याकडे कोण बघतो? कोणीच नाही. आज आपण त्या शिक्क्याचीच गोष्ट ऐकू. पण हा शिक्का गावच्या पोस्टातला नाही बरं का! हा आहे लढाऊ जहाजावरचा.

तुम्ही म्हणाल, जहाजावर कसलं आलं पोस्ट? तर ऐका.

अमेरिकेच्या आरमारात 'अरिझोना' नावाचे मोठे लढाऊ जहाज होते. १९१६ साली ते आरमारात दाखल झाले. १९४१ साली त्याच्यावर दीड हजाराच्या वर माणसे होती. म्हणजे पाण्यावर तरंगणारे एक गावच! गाव म्हटले की स्वयंपाकघर आले, दवाखाना आला. तसे पोस्टही आले. १९०८ साली अमेरिकेत कायदा झाला आणि त्यांच्या लढाऊ जहाजांवर पोस्टे उघडू लागली. आरमारातल्याच एकाला टपालाचे काम देत. तो तिकिटे विकी, पत्रे गोळा करी आणि त्यांच्यावर शिक्का मारी.

हा शिक्का कसा असे? एक गोल. गोलात वर जहाजाचे नाव. मध्ये महिना, तारीख आणि साल. गोलाच्या शेजारी आडव्या रेघा. त्या रेघा तिकिटावर पडत. तिकीट पुन्हा कोणी वापरू नये, म्हणून ही तजवीज. रेघांच्या मध्ये कधी कधी बंदराचे नावही असे. म्हणजे एवढ्याशा शिक्क्यात तीन गोष्टी कळत. जहाज कोणते, दिवस कोणता आणि ठिकाण कोणते.

असे शिक्के जमवण्याचा छंद पुष्कळांना लागला. १९३२ साली अमेरिकेत अशा लोकांनी आपली एक संस्थाच काढली. हे लोक करीत काय? एका कोऱ्या पाकिटावर स्वतःचा पत्ता लिहीत. त्याला तिकीट लावीत. ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून जहाजावरच्या टपालवाल्याकडे धाडीत. सोबत चिठ्ठी असे, "भाऊ, अमक्या तारखेचा शिक्का मारून हे परत पाठवा. शिक्का जरा स्वच्छ उठू द्या." मग महिन्या दोन महिन्यांनी, सात समुद्र फिरून, ते पाकीट घरी येई.

जहाजाचे बारसे असो, ते आरमारात दाखल होण्याचा दिवस असो, की आरमार दिन असो. त्या दिवसासाठी खास पाकिटे निघत. पाकिटाच्या डाव्या बाजूला जहाजाचे चित्र छापीत. वर त्या दिवसाचा शिक्का. झाली आठवण पक्की!

आता पुढचे ऐका.

७ डिसेंबर १९४१. रविवारची सकाळ. 'अरिझोना' हवाई बेटांतल्या पर्ल हार्बर बंदरात उभे होते. आठ वाजायच्या सुमारास जपानी विमानांनी अचानक हल्ला केला. एक बॉम्ब जहाजात शिरला. आत दारूगोळा भरलेला होता. मोठा स्फोट झाला. जहाज बुडाले. त्याच्यावरची १,१७७ माणसे गेली.

विचार करा, मंडळी. त्या जहाजावरून मुलांनी आईबापांना पत्रे टाकलेली होती. पत्र समुद्र ओलांडून घरी पोचायला दिवस लागत. पत्र हातात आले तेव्हा लिहिणारा कुठे होता? पाकिटावर जहाजाचे नाव आणि तारीख मात्र तशीच होती. ज्यांनी ती पाकिटे जपली, त्यांच्यापाशी मुलाची शेवटची खूण राहिली. ज्यांनी फेकली, त्यांची ती खूणही गेली.

त्यानंतर शिक्के मुके झाले. युद्धात शिक्क्यातून जहाजाचे नाव काढून टाकले. नुसते 'यू. एस. नेव्ही' एवढेच राहिले. का? पाकीट शत्रूच्या हाती पडले, तर कोणते जहाज कुठे आहे ते त्याला कळेल! पत्रेही तपासून मगच पुढे जात. तपासणाऱ्याचा वेगळा शिक्का पाकिटावर पडे.

पुढे २ सप्टेंबर १९४५ उजाडला. जपानच्या टोकियो उपसागरात 'मिसूरी' नावाचे अमेरिकन जहाज उभे होते. त्या जहाजावर जपानने शरणागतीच्या कागदावर सही केली. दुसरे महायुद्ध संपले. त्या दिवशी जहाजावरच्या पाकिटांवर शिक्का पडला. जहाजाचे नाव, तारीख, 'टोकियो बे' आणि 'जपानची रीतसर शरणागती' असे शब्द. मुका झालेला शिक्का पुन्हा बोलला.

आज 'मिसूरी' हे जहाज पर्ल हार्बरमध्येच संग्रहालय म्हणून उभे आहे. जवळच पाण्याखाली 'अरिझोना' आहे. लोक दोन्ही बघायला जातात.

अशा नामांकित पाकिटांना पुढे चांगला पैसाही येऊ लागला. जिथे पैसा, तिथे लबाडी आलीच. कोणी खोटे शिक्के बनवतो. पण जाणता माणूस फसत नाही. तो जहाजाचा इतिहास काढतो आणि बघतो, त्या तारखेला ते जहाज खरोखर त्या ठिकाणी होते का? वाचता येणाऱ्याला असा फायदा होतो.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या कोकणातली, देशावरची कितीतरी मुले आरमारात आहेत. त्यांच्या पत्त्यात जहाजाचे नाव असते आणि खाली 'फ्लीट मेल ऑफिस' असे लिहिलेले असते. हल्ली फोन आला, पत्रे कमी झाली. म्हणून तर आलेले एकेक पाकीट जपायला हवे.

कसे जपायचे? पाकीट ओढून फाडू नका. एका कडेने पातीने कापा. तिकीट कातरून काढू नका, शिक्का अर्धा तुटतो. डिंकाने वहीत चिकटवू नका. ओल आणि वाळवी लागणार नाही अशा पत्र्याच्या डब्यात ठेवा. मागे पेन्सिलीने लिहा, पत्र कोणाचे आणि कोणाला आले.

मंडळी, तुम्हाला आता अक्षरे लागतात. दुसऱ्याकडून पत्र वाचून घ्यायची गरज उरली नाही. तेव्हा पुढचे पत्र आले की उघडण्याआधी दिव्यापाशी धरा. आधी शिक्का वाचा. आपला माणूस त्या दिवशी कुठे होता, ते तो शिक्का सांगेल.