विमानतळालगतची बांधकामे आणि सुनावणीची कार्यपद्धती

(जिल्हा प्रशासन व नगररचना शाखांतील अधिकाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सुरत शहराच्या नैर्ऋत्येस मगदल्ला–डुमस परिसरात त्या शहराचा विमानतळ आहे. त्याची धावपट्टी 2905 मीटर लांबीची बांधली गेली. परंतु वेसूच्या बाजूने उतरणाऱ्या विमानांसाठी उतरण्याचा आरंभबिंदू सुमारे 600 मीटर आत सरकवावा लागला. त्या दिशेस उभ्या राहिलेल्या उंच इमारती हे त्याचे कारण होय. म्हणजे सार्वजनिक पैशाने बांधलेल्या धावपट्टीचा एक हिस्सा उतरण्याच्या कामी निरुपयोगी ठरला. दुसरीकडे, त्याच इमारतींत मंजूर नकाशा पाहून, कर्ज काढून घरे घेतलेली कुटुंबे राहत आहेत. विमानातील प्रवाशाचा जीव आणि गृहस्थाचे घर, ही दोन्ही हिते खरी आहेत. त्यांचा निवाडा ज्या ठिकाणी व्हावयाचा, ते ठिकाण म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालकांपुढील सुनावणी.

या सुनावणीचा कायदेशीर पाया प्रथम पाहणे योग्य ठरेल. 1934 च्या विमान अधिनियमातील कलम 9-अ अन्वये विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून जास्तीत जास्त 20 किलोमीटर त्रिज्येतील बांधकामे व झाडे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनास देण्यात आला. 1 जानेवारी 2025 पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, 2024 याने घेतली. उंचीची मर्यादा कशी ठरवावी हे 30 सप्टेंबर 2015 च्या अधिसूचनेने सांगितले, तर मर्यादा ओलांडलेल्या बांधकामाचे काय करावयाचे, याची कार्यपद्धती अडथळे पाडण्याविषयीच्या 1994 च्या नियमांनी घालून दिली.

या कार्यपद्धतीचे टप्पे ठरलेले आहेत. विमानतळाचा प्रभारी अधिकारी मालकास नोटीस देतो. जागेवर मोजणी होते. तिचा तपशील महासंचालकांकडे जातो. मोजमापाच्या अचूकतेविषयी खात्री करून आणि मालकाचे म्हणणे विचारात घेऊन महासंचालक आदेश काढतात. मालकाने आदेश पाळला नाही तर जिल्हाधिकारी अनधिकृत बांधकामाप्रमाणे तो भाग पाडतात. या साखळीतील एक कडी कच्ची राहिली तरी पुढची सारी कारवाई न्यायालयात डळमळते.

सुनावणीत वादाचा विषय बहुधा मोजमाप हाच असतो. विमान उतरण्याच्या मार्गाखाली एक कल्पित उतरता पृष्ठभाग धरलेला असतो. मोठ्या धावपट्टीच्या बाबतीत तो उंबरठ्यापासून 60 मीटरवर सुरू होऊन दर 50 मीटर अंतरास एक मीटर या प्रमाणात चढत जातो. म्हणून एक किलोमीटर अंतरावर त्याची उंची 19 मीटरांच्या आसपास भरते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र जी कमाल उंची देते ती समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, जमिनीपासून नव्हे. अर्जदाराने जागेची पातळी दोन मीटर कमी दाखविली, किंवा भूखंडाचे अक्षांश-रेखांश चुकीचे दिले, तर कागदावर निर्दोष असलेली इमारत प्रत्यक्षात अडथळा ठरते. उलट, मोजणी करणाऱ्याची चूक झाली तर निर्दोष मजल्यावर हातोडा पडतो. म्हणूनच मोजणी मालकाच्या समक्ष व्हावी आणि तिची प्रत त्यास सुनावणीपूर्वी मिळावी. विरुद्ध पक्षाचा पुरावा न पाहता उत्तर देण्यास सांगणे म्हणजे डोळे बांधून लढावयास लावणे होय.

सर्वोच्च न्यायालयाने या संबंधात घालून दिलेले दंडक प्रत्येक अधिकाऱ्याच्या ध्यानी असावेत. 1958 मध्ये गुल्लापल्ली नागेश्वरराव यांच्या प्रकरणात, एकाने ऐकावयाचे आणि दुसऱ्याने निर्णय द्यावयाचा ही पद्धत न्यायालयाने दोषास्पद ठरविली. 1969 मधील क्रायपाक प्रकरणाने नैसर्गिक न्यायाची तत्त्वे प्रशासकीय निर्णयांनाही लागू होतात हे स्पष्ट केले. डिसेंबर 1977 मध्ये मोहिंदरसिंग गिल प्रकरणात असे ठरले की, आदेशात नसलेली कारणे मागाहून प्रतिज्ञापत्राद्वारे जोडता येत नाहीत. आणि 1985 मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांसंबंधीच्या ओल्गा टेलिस प्रकरणात, ‘यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही’ असे आधीच गृहीत धरून सुनावणी नाकारता येत नाही, हे न्यायालयाने बजावले. वेसूच्या सदनिकाधारकासही हाच न्याय लागू आहे.

येथे एक अडचण नमूद केली पाहिजे. नियम ‘मालका’स नोटीस देण्यास सांगतात. इमारतीची आखणी विकासकाने केलेली असते. मात्र वरचा मजला पाडला जातो तेव्हा बेघर होतो तो सदनिकाधारक. नोटीस केवळ विकासकाच्या जुन्या पत्त्यावर गेली आणि गृहसंस्थेस तिची वार्ता आदेशानंतर लागली, तर त्या सुनावणीस केवळ नावापुरताच अर्थ उरतो. नगरपालिका वा महानगरपालिकेने दप्तरातील सध्याच्या रहिवाशांची यादी विमानतळ अधिकाऱ्यास वेळीच पुरविल्यास ही उणीव दूर होण्यासारखी आहे.

आदेश झाल्यानंतरचे उत्तरदायित्वही तितकेच महत्त्वाचे आहे. मुंबई विमानतळालगतच्या 48 उंच इमारतींचे मर्यादेबाहेरील भाग पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये उपनगर जिल्हाधिकाऱ्यांस दिला. ही जबाबदारी महानगरपालिकेवर ढकलता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. सुरतेच्या इमारतींचा प्रश्नही जनहित याचिकेच्या रूपाने गुजरात उच्च न्यायालयापुढे गेला. ज्या गोष्टी प्रशासनाने आपणहून करावयाच्या, त्या न्यायालयाच्या दट्ट्याखाली कराव्या लागणे भूषणावह नाही.

जून 2025 मध्ये केंद्र शासनाने या विषयावरील नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. मालकाने कागदपत्रे सादर करण्यास 60 दिवस, आदेशाच्या पालनास 60 दिवस व सबळ कारण असल्यास आणखी 60 दिवस, 1000 रुपये शुल्क भरून अपील, आणि आदेश पाळणाऱ्यासच नुकसानभरपाईची पात्रता, अशा तरतुदी त्यात होत्या. मुदती निश्चित असण्याचा लाभ दोन्ही पक्षांस होतो. टाळाटाळ करणाऱ्यास पळवाट उरत नाही आणि प्रामाणिक मालकास तयारीस अवधी मिळतो.

तथापि, उत्तमातील उत्तम सुनावणीही इमारत उभी राहिल्यानंतर झाली तर ती उशिराचीच ठरते. पायाचे काम सुरू होण्यापूर्वी समुद्रसपाटीपासूनची पातळी जागेवर जाऊन तपासणे, जोत्याच्या टप्प्यावर पुन्हा मोजणे आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी शेवटची उंची नोंदविणे, ही तीन कामे स्थानिक कार्यालयाच्या हातची आहेत. ती वेळेवर झाल्यास महासंचालकांपुढे येणारी प्रकरणे थोडी राहतील आणि जी येतील त्यांस पुरेसा वेळ देता येईल. ती न झाल्यास त्या दुर्लक्षाची किंमत कोणा गृहस्थास आपले घर गमावून मोजावी लागते.