भाषण संपलं की लगेच उठू नका

फुलंब्रीहून बोलतोय. तुमच्यापैकी कुणी बसमध्ये असेल, कुणी मोटर चालू करून बांधावर बसलं असेल. आज बोलायचंय विद्यापीठातल्या जाहीर व्याख्यानांबद्दल. म्हणजे खरं तर व्याख्यान संपल्यानंतरच्या पंधरा मिनिटांबद्दल.

कॉलेजात असताना मला अशा व्याख्यानांचा नाद होता. लोकशाही, धर्म, दंगली, चित्रकला, विज्ञान, विषय कोणताही असो, मी जायचो. तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. हर्सूल ओलांडलं की शहर. तिकीट नाही, ओळख नाही, कुणीही जाऊन बसावं. अडचण एकच. टाळ्या संपायच्या, सूत्रसंचालक म्हणायचे, "आता प्रश्नोत्तरं," आणि मी पिशवी उचलून बाहेर. परतीची शेवटची गाडी गाठायची असायची.

एकदा विषय होता धर्म आणि राज्यघटना. वक्ते समतेवर फार छान बोलले. माझ्या डोक्यात मात्र आजोळचं गाव फिरत होतं. सप्ताहात सगळं गाव एका मांडवात जेवतं, मग माणूस मेल्यावर स्मशानं दोन कशी? आमच्या बाजूच्या स्मशानात पत्र्याचं शेड आणि पाणी, दुसऱ्या बाजूला पावसाळ्यात नुसता चिखल. हे विचारायचं होतं. पण गाडी आली, बसलो, प्रश्न तसाच घरी घेऊन आलो.

ज्या गेटातून मी असा पळत सुटायचो, त्या गेटाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं १९५८ साली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. मुंबईत ठराव झाला आणि इकडे मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, माणसं मारली गेली. नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'मराठवाडा' कायम ठेवून. एका नावासाठी जवळपास सोळा वर्षं! आजही दर १४ जानेवारीला त्या गेटापाशी माणसांचा पूर येतो.

प्रश्नोत्तरांनी ती आग थांबली असती, असं मी म्हणणार नाही. जात एवढी भोळी नाही. पण पटलं नाही तर उठून विचारायचं आणि उत्तर ऐकून घ्यायचं, ही सवय किती मोलाची आहे, ते त्या इतिहासाकडे पाहिलं की कळतं.

बाबासाहेबांचंच बघा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना परिषदेचं अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणाचा मजकूर वाचून आयोजक बिचकले. काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी नकार दिला आणि ते भाषण झालंच नाही. मग त्यांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. पुढच्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय करावं? गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि सोबत आपलं उत्तरही. जे भाषण कुणी होऊ दिलं नाही, त्याचीसुद्धा प्रश्नोत्तरं झाली! ज्याला आपल्या म्हणण्याची खात्री असते, तो समोरच्याचा आक्षेप लपवत नाही.

आता आपल्याकडे येऊ. फोनवर जगातलं कुठलंही व्याख्यान ऐकता येतं, परतीच्या गाडीची काळजी नाही. पण होतं काय, मी बोलतो, तुम्ही दीडपट स्पीडवर ऐकता. आवडलं तर फॉरवर्ड, नाही आवडलं तर पुढचा भाग. कमेंटमध्ये शिवी हासडणं म्हणजे प्रश्न नव्हे. प्रश्न विचारणारा उत्तर ऐकायला थांबतो, शिवी देणारा थांबत नाही. फरक एवढाच आहे.

म्हणून पुढच्या वेळी व्याख्यानाला गेलात तर थांबा. हात वर करा. वक्ता काय म्हणाला ते एका वाक्यात सांगा, तुम्हाला कुठे अडलं ते दुसऱ्या वाक्यात. तिसरं वाक्य नको, नाही तर तुमचंच भाषण सुरू होतं. गावाकडून आलोय, भाषा शुद्ध नाही, याची लाज वाटून घेऊ नका. हॉलमधल्या कितीतरी जणांना जे ठाऊकच नसतं, ते तुम्ही रोज बघता.

माझ्या प्रश्नाचं काय झालं? दोन वर्षांनी सप्ताहाच्या मांडवात पत्रावळ्या उचलताना मामाला विचारला. मामा उखडला, "तुला काय करायचं रे? पहिल्यापासून हाय ते." मी गप्प बसलो. रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर तोच म्हणाला, "तू इचारलं ते खोटं नाही. पण बोलावं कोणी?"

स्मशानं अजून दोनच आहेत. पण नंतरच्या एका ग्रामसभेत मामा उठला आणि एवढंच म्हणाला, दोन कशाला पाहिजेत? कुणी उत्तर दिलं नाही. ग्रामसेवकांनी प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतला. आता तो कागदावर आहे, कधी तरी कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल.

तुमचाही असा राहून गेलेला प्रश्न असेल ना? व्हॉइस मेसेज करून पाठवा. आजचं माझं काही पटलं नसेल तर तेही पाठवा, ते आधी लावू. पुढचा भाग तुमच्याच प्रश्नांचा. चला, भेटू!