वाढ मोजायची कुणी आणि कशी?

(पनवेल येथे वाड्यांवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेले भाषण. बोलले तसेच दिले आहे.)



मागे एका वाडीवर साहेब आले. दळीच्या कडेला उभे राहून म्हणाले, "तुमचा ऐन सात वर्षांत माणसाएवढा होतो. आमची निलगिरी तेवढ्यात तीन पुरुष वर जाते. मग तुमचा विरोध कशाला?" लोक गप्प बसले. कारण निलगिरी झपाट्यानं वाढते, हे आपणही डोळ्यांनी बघतो.

पण ही तुलना सरळ आहे का? निलगिरीला खड्डा घेतला, खत घातलं, कुंपण केलं, राखणदार ठेवला. तिचा पाला शेळी तोंडात घेत नाही. ऐनाचे टहाळ मात्र आपणच राबासाठी दर साली उतरवतो. कोंब गुरं खातात, वर वणवा लागतो. एका पैलवानाला खुराक आणि दुसऱ्याला उपास, ही कुस्ती खरी नव्हे. आणि जो टहाळ आपण उतरवला तीही ऐनाचीच वाढ. त्याचा राब भाजला म्हणून भाताचं रोप जोमदार आलं. साहेबांच्या वहीत ती वाढ चढत नाही. तिथं फक्त लाकूड चढतं.

हीच गोष्ट बस्तरच्या आदिवासींनी भोगली. पाइन म्हणजे सुईसारख्या पानांचं झाड. आपल्या देशातही ते आहे. हिमालयात चीड आहे, मेघालयात खासी पाइन आहे. पण ती गार डोंगरातली झाडं. म्हणून बस्तरच्या उष्ण हवेसाठी मध्य अमेरिकेकडचा कॅरिबियन पाइन निवडला. तो लवकर वाढतो, त्याचा कागदाला लगदा होतो, असा हिशोब होता. 1970 नंतरच्या त्या वर्षांत जागतिक बँकेच्या मदतीनं सालाचं जंगल तोडून तिथं हा पाइन लावायचा बेत झाला. सालापासून लोकांना बियांचं तेल, राळ, पत्रावळीची पानं, दातवण मिळत होतं. पाइनपासून त्यांच्या घरात काय येणार होतं? लोकांनी विरोध केला आणि शेवटी सरकारला तो बेत सोडावा लागला.

परदेशी झाड कुठंही आपोआप वाढतं असंही नाही. पाइनच्या मुळांना मातीतली एक बुरशी लागते. ती नसली की रोप पिवळं पडतं, खुजं राहतं. आफ्रिकेत असं झालं तेव्हा जुन्या पाइनखालची माती आणून घालावी लागली. आपल्या ऐनाला कुणी माती आणून घातली नाही. त्याचा जुना खुंट राखला तर एका पावसाळ्यात फुटवा लावलेल्या रोपाच्या वर जातो. मुळं आधीच खोल गेलेली असतात ना!

1982 साली राज्यात सामाजिक वनीकरणाचं वेगळं खातं झालं. झाडं लावायला आपली ना नाही. पण आपल्या दळीवर, आपल्याला न विचारता, दुसऱ्याच्या गिरणीसाठी लावायला ना आहे.

म्हणून प्रत्येक वाडीनं तीन गोष्टी करायच्या.

एक, लागवडीशेजारी तेवढाच तुकडा जुन्या खुंटांचा राखायचा. तिथं कुऱ्हाड नाही, गुरं नाहीत, वणव्याला जाळरेषा काढायची.

दोन, दोन्हीकडची दहा-दहा झाडं निवडून छातीएवढ्या उंचीवर रंगाचा पट्टा मारायचा. दर दिवाळीनंतर तिथंच दोरी गुंडाळून घेर मोजायचा. शाळेत जाणाऱ्या पोरांनी वहीत लिहायचा.

तीन, त्याच वहीत दुसरं पान करायचं. राबाला टहाळाचे भारे किती, पळसाची पानं किती, हिरडा किती, सरपण किती. हे आपल्या राखलेल्या रानातलं आणि निलगिरीच्या लागवडीतलं, दोन्ही लिहायचं. बायांना हे सगळ्यात जास्त माहीत आहे, तेव्हा ते पान त्यांनी सांगायचं.

पुढल्या वेळी साहेब आले की गप्प बसायचं नाही. वही पुढं करायची.

जिंदाबाद!